रिकाम्या सीटांचं विमान

सगळे प्रवासी बसले होते, सामान भरून झालं होतं, आणि तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर नोटॅम आला.

नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी आणि आमच्यासारख्यांसाठी निघणारी सूचना. कुठली धावपट्टी दुरुस्तीला काढलीय, कुठे क्रेन उभी आहे, असल्या बारीकसारीक गोष्टी त्यात असतात. दिवसभर येतच असतात. बहुतेक वाचायच्या आणि बाजूला ठेवायच्या. हा तसला नव्हता. आमच्या मार्गावरच्या एका देशाने आपलं सगळं आकाश बंद केलं होतं. आत्तापासून. कधी उघडणार? पुढील सूचना मिळेपर्यंत नाही.

मी एका विमान कंपनीत डिस्पॅचर आहे. राहतो पेणला, मूळचा रोह्याचा. डिस्पॅचर म्हटलं की लोकांना मी कुरिअरमध्ये आहे असं वाटतं. विमान उडवतो तो पायलट. पण ते कुठून जाणार, किती इंधन घेणार, वाटेत काही झालं तर कुठे उतरणार, हे मुंबईच्या कंट्रोल रूममध्ये बसून ठरवतो तो डिस्पॅचर. फ्लाइट प्लॅनवर दोन सह्या लागतात, कॅप्टनची आणि आमची.

त्या दुपारी माझ्या टेबलावर मुंबई–न्यूयॉर्क होतं. आणि त्या विमानात शेवटून तिसऱ्या रांगेत माझी मोठी बहीण बसली होती.

सुनंदाताई कोलाडला असते. हायवेला भाऊजींची खानावळ आहे, खरं तर तीच चालवते. तिची मुलगी पल्लवी नोकरीसाठी अमेरिकेत, एकटी राहते. तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती. गाठ कसली आहे ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ताईला आधी पोचायचं होतं. पल्लवीबरोबर एक अख्खा दिवस मिळावा, तिच्या हातचं खाऊन पोरगी आत जावी, एवढाच तिचा हिशोब. आमच्या कंपनीत भावाबहिणीला वर्षातून एक सवलतीचं तिकीट मिळतं. ते मी काढून दिलं. या तिकिटाला एक अट असते: जागा असेल तरच बसायचं, आणि कुणाला उतरवायची वेळ आली तर आधी तुम्ही. सीझन नव्हता, जागा होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो.

तासाभरापूर्वीच तिचा फोन येऊन गेला होता. "बसले रे. खिडकी मिळाली. बाजूची बाई गुजराती हाय, चांगली हाय."

नोटॅम वाचल्यावर मी आधी नकाशा उघडला.

नेटवर मुंबई ते न्यूयॉर्क टाकलं की साडेबारा हजार किलोमीटर असं उत्तर येतं. ते अंतर गोळ्यावर दोरा ताणून मोजल्यासारखं आहे, सगळ्यांत जवळचं. त्या दोऱ्यावरून आम्ही कधीच जात नाही. शेजारच्या देशावरून जाता येत नाही हे तर आधीपासूनचंच होतं. म्हणून समुद्रावरून, आखाताच्या कडेने, मग वर युरोप आणि तिथून अटलांटिक, असा आमचा रोजचा रस्ता. आता त्या रस्त्यातलाही मधला तुकडा गेला. उरला एकच मार्ग: आणखी खाली दक्षिणेकडून वळसा, वाळवंटावरून आणि भूमध्य समुद्रावरून. सव्वा तास जास्त.

सव्वा तास म्हणजे काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. रोह्याहून पेणला येताना नागोठण्याच्या पुढे खड्ड्यात गाडी अडकली तरी तेवढा वेळ जातो. पण विमानाचा तास लिटरमध्ये नाही, टनांत मोजतात. एवढं मोठं विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं. शिवाय हिवाळा होता. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वरचा वारा हिवाळ्यात जोरात असतो आणि अमेरिकेला जाताना तो थेट तोंडावर येतो. परत येताना तोच पाठीशी. म्हणून अंतर तेच असून जायला जास्त वेळ लागतो आणि यायला कमी. हे सगळं धरून मी नवा प्लॅन चालवला. दहा टन जादा इंधन.

आता अडचण अशी, की विमान किती वजन घेऊन धावपट्टी सोडू शकतं त्याला मर्यादा असते. त्या मर्यादेला आम्ही आधीच टेकलो होतो. दहा टन आत घ्यायचे तर दहा टन बाहेर काढायचे.

"कार्गो काढ," देसाई मॅडम मागून म्हणाल्या. त्या आमच्या ड्यूटी मॅनेजर. बसत नाहीत, उभ्याच असतात. "सगळा काढ. किती आहे?"

"सात टन."

"बाकी तीन?"

बाकी तीन कुठून, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. माणूस आणि त्याच्या बॅगा मिळून आम्ही शंभर किलो धरतो. तीन टन म्हणजे तीस माणसं.

"मधे उतरवून इंधन घेता येईल?"

"क्रूचे तास बसत नाहीत, मॅडम."

वैमानिकांनी सलग किती तास ड्यूटी करायची याचा कायदा आहे. वळशाने आधीच ते तास काठावर आले होते. वाटेत उतरून, इंधन भरून पुन्हा उडायचं तर दीड-दोन तास जाणार आणि दुसरा क्रू तिथे उभा हवा. तो नव्हता. उलट विमान जितका वेळ मुंबईत उभं राहील तितके त्यांचे तास जळत होते.

"एका तासात पुशबॅक झाला नाही, विमान जागेवरून हललं नाही, तर क्रू संपला," मॅडम म्हणाल्या. "मग तीस नाही, सगळेच घरी जातील. एअरपोर्टला सांग. ऑफलोड."

ऑफलोडची, म्हणजे उतरवायच्या प्रवाशांची, यादी मी करत नाही. ते एअरपोर्टवरच्या लोकांचं काम. मी फक्त आकडा देतो. पण त्या यादीत सर्वांत वर कोण असणार हे मला पाठ होतं. सवलतीच्या तिकिटावरचे. त्या विमानात असे सहा जण होते.

मी फोन उचलला आणि परत ठेवला.

"मॅडम, माझी बहीण आहे या फ्लाइटमध्ये. स्टाफ तिकिटावर."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हा प्रॉब्लेम किती मिनिटांचा आहे, असं पाहतात तसं.

"तुझा आकडा बरोबर आहे?"

"माझ्या मते आहे. पण मला आता माझाच भरवसा वाटत नाही. एकीकडे वाटतंय उगाच जास्त धरलं, एकीकडे वाटतंय ती आहे म्हणून मुद्दाम कडक धरलं. दुसऱ्या कुणीतरी बघावं."

"ऊठ. रेश्मा, इकडे ये. पहिल्यापासून चालव. याचा प्लॅन बघू नकोस."

मी उठलो. बावीस वर्षांच्या नोकरीत चालू कामावरून मी असा कधी उठलो नव्हतो. रेश्मा माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण हात चलाख आणि डोकं थंड. ती माझ्या खुर्चीत बसली. मी मागे उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग पाण्याच्या मशीनपाशी गेलो, ग्लास भरला, न पिता तसाच घेऊन परत आलो.

खिशात फोन थरथरला. भाऊजी. ते कोलाडला गल्ल्यावर बसून फोनवर विमान बघत असणार. हल्ली अॅपवर सगळं दिसतं.

"नितीन, विमान हललं नाय अजून. काय झालं?"

"रस्ता बंद झालाय भाऊजी. लांबून जावं लागणार. इंधन जास्त लागतंय."

"मग मधे कुठं पंपावर थांबवा की."

"नाही जमत."

"का नाय जमत? आमच्या गाड्या थांबतात ना?"

मी म्हटलं, नंतर सांगतो. फोन ठेवताना मागून भांड्यांचा आवाज आला आणि कुणीतरी जोरात म्हणालं, "तीन राइसप्लेट, एक सुका बांगडा!" तिकडे दुपारचं गिऱ्हाईक चालू होतं.

रेश्माने मान वर केली. "अल्टरनेट कुठलं धरलंस?"

अल्टरनेट म्हणजे पर्यायी विमानतळ. न्यूयॉर्कला पोचलो आणि तिथे उतरता आलं नाही, तर पुढे कुठे जायचं ते आधीच ठरवावं लागतं आणि तिथवरचं इंधन टाकीत असावं लागतं. न्यूयॉर्कवर त्या रात्री ढग खाली येण्याचा अंदाज होता. जवळच्या विमानतळांचंही तेच. म्हणून मी लांबचं वॉशिंग्टन धरलं होतं.

"नवा अंदाज आलाय आत्ता," रेश्मा म्हणाली. "फिलाडेल्फिया उघडं दिसतंय. जेमतेम, पण नियमात बसतंय. ते धरलं तर एक टन वाचतो."

एक टन. दहा माणसं. पण लगेच लक्षात आलं की ताईला त्याचा उपयोग नाही. उतरवायचे तीस असोत की वीस, सवलतीवाले सहा त्यात पहिलेच. ती बसून राहायची तर तीसपैकी जवळजवळ कुणालाच उतरवावं लागायला नको होतं.

रेश्माने कॅप्टनला फोन लावला. स्पीकरवर. कॅप्टन गिल, जुना माणूस, आवाज नेहमी झोपेतून उठल्यासारखा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फिलाडेल्फिया ठीक आहे," ते म्हणाले. "पण तो वाचलेला टन मला टाकीतच पाहिजे. न्यूयॉर्कला ढग खाली असले की रांग लागते. वर गोल गोल फिरत ठेवतात. मला तिथे घड्याळाकडे बघत बसायचं नाही."

"कॅप्टन, दहा प्रवासी आहेत त्यात," मॅडम म्हणाल्या.

"आणि बाकीचे तीनशे माझ्याबरोबर आहेत."

जादा इंधन मागायचा हक्क कॅप्टनचा. त्याचा शब्द शेवटचा. मला वाटत होतं, बोलावं. कॅप्टन, अर्धा टन घ्या. रेश्माच्या खांद्यावरून वाकलं असतं तर माझा आवाज पोचला असता. नेहमी मी असे वाद घालतो, कॅप्टन लोक ऐकतातही. मॅडम माझ्याकडेच पाहत होत्या. मी हातातलं पाणी पिऊन टाकलं.

"ओके, कॅप्टन," मॅडम म्हणाल्या. "तीस."

त्यानंतरची वीस मिनिटं फार वाईट गेली. आकडा एअरपोर्टला गेला, यादी निघाली, आणि मला काहीच काम नव्हतं. नकाशावर आमचं विमान हिरव्या ठिपक्यासारखं जागच्या जागी होतं. इंधनाचा टँकर परत लागला. खालून कार्गो बाहेर यायला लागला. उतरणाऱ्यांच्या बॅगा शोधून काढायच्या होत्या, कारण माणूस खाली आणि बॅग वर असं चालत नाही. मॅडम घड्याळ बघत होत्या.

मग ताईचा फोन आला.

"नितीन, मला उतर म्हणतायत."

"हो ताई. कळलंय मला."

"अरे, काय म्हणून? माझं काय चुकलं? मी काय बोलले नाय कुणाला."

"तुझं काही चुकलं नाही. विमान जड झालंय. तीस जणांना उतरवतायत."

"जड कसं? इथं शिटा रिकाम्या हायत. माझ्या पुढची अख्खी रांग रिकामी झाली. मी बघतेय ना डोळ्यांनी."

"ताई, त्या रिकाम्याच जाणार आहेत."

पाठीमागे कुणीतरी इंग्रजीत घोषणा करत होतं. एक लहान मूल रडत होतं.

"रिकाम्या जाणार," ती म्हणाली, "पण मी नाय जायची?"

मी म्हटलं, "ताई, बॅग घे आणि खाली ये. बाहेर खुर्च्या आहेत तिथे बस. ड्यूटी सुटली की मी येतो. तुला पाठवतो मी, कसंही करून."

"पल्लवीला काय सांगू?"

"मी सांगतो."

विमान सुटलं. क्रूचे तास संपायला बारा मिनिटं उरली होती. मॅडम तेव्हा पहिल्यांदा खुर्चीत बसल्या.

माझी ड्यूटी अजून होती. मी दुसऱ्या टेबलावर दुसरी विमानं घेतली. मधे मधे पुढची तिकिटं शोधत होतो. आमच्या पुढच्या दिवसाच्या फ्लाइटवर तीच अट, तोच वळसा, तेच ऑफलोड. आखातातून जाणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या वेळा कोलमडलेल्या. अडकलेले प्रवासी आडवे झोपल्याचे फोटो ग्रुपवर यायला लागले होते. युरोपातून जाणाऱ्या विमानांत एक जागा नाही. जे ते पश्चिमेकडे धावत होतं आणि पश्चिमेचं दारच अरुंद झालं होतं.

ते बघता बघता माझ्या लक्षात आलं की मी नकाशाच्या एकाच बाजूला बघतोय.

ड्यूटी संपवून टर्मिनलवर गेलो तर ताई भिंतीकडच्या खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसली होती. पायात नवे बूट, ते काढून बाजूला ठेवलेले. मला पाहून उठली नाही. "चल," म्हटलं, "घरी जाऊ. तिकीट सकाळचं आहे." गाडीत पेणपर्यंत ती फार बोलली नाही. पनवेल सोडल्यावर एकदाच म्हणाली, "मेतकुटाची पिशवी तपासणीतल्या त्या पोरीने हातात घेऊन बघितली, मला वाटलं काढून टाकते. नाय टाकली." जिते गावाच्या पुढे रेल्वेचं फाटक बंद नव्हतं, तरी मी उगाच गाडी हळू केली. पोचायची मला घाई नव्हती.

घरी सुजाताने, माझ्या बायकोने, जेवणाची तयारी केली होती. ताईला बसवेना. हातपाय धुतले आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली. "दे गो, मी करते काहीतरी." सुजाताने तिला तांदूळ निवडायला दिले. तांदूळ पाकिटातले होते, त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं. तरी ताई ताट पुढ्यात घेऊन बोटं फिरवत बसली.

मी समोर बसलो.

"उद्या सकाळी निघायचं. आधी सिंगापूर. तिथून दुसरं विमान, थेट न्यूयॉर्क."

"सिंगापूर कुठं आलं?"

"इकडे, पूर्वेला."

बोटं थांबली. "आणि अमेरिका?"

"पश्चिमेला."

"मग उलट्या दिशेला कशाला नेतोस मला?"

मी उठलो, स्वयंपाकघरातून नारळ आणला. अशा वेळी कागदाचा नकाशा कामाचा नाही, तो दोन्ही कडांना संपतो. नारळावर पेनाने एक फुली केली, ही मुंबई. जवळजवळ पलीकडच्या अंगाला दुसरी, ते न्यूयॉर्क. "इकडून गेलं तर इतकं," मी बोटाने दाखवलं. "आणि उलटं फिरून गेलं तर इतकं. अमेरिका दोन्हीकडे आहे ताई."

तिने नारळ हातात घेऊन फिरवला. "हे लांब हाय."

"लांब आहे. दीडपट. पण या बाजूचं आकाश उघडं आहे. आजच्या घडीला लांबचा रस्ताच लवकर पोचवणार."

"ऑपरेशनच्या आधी पोचेन?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. "त्याच दिवशी पहाटे उतरशील," मी म्हटलं. "विमानतळावरून थेट हॉस्पिटल. पल्लवीची मैत्रीण न्यायला येईल. सगळं वेळेवर झालं तर आत जायच्या आधी भेटेल."

"आणि नाय झालं तर?"

"तर बाहेर आल्यावर."

तिने नारळ ताटाशेजारी ठेवला. पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला, दोघी बोलल्या. पल्लवीच आईला समजावत होती, आणि ताई तिला "मी बरी हाय गो, तू जेवलीस का" म्हणत होती. कॉल संपल्यावर ताईने माझ्याकडे न बघता विचारलं,

"तुला ठाऊक होतं मी त्यात हाय ते?"

"होतं."

"मग?"

"म्हणून मी खुर्चीवरून उठलो. म्हटलं, माझ्या हातून इकडचं तिकडचं व्हायला नको. दुसरीने हिशोब केला."

मला वाटलं होतं, हे तिला पटेल. निदान कळेल. माझ्या मते त्या दिवशी मी केलेली एकमेव चांगली गोष्ट ती होती.

"उठलास कशाला?" ताई म्हणाली. "बसायचंस ना तिथं. उतरवायचं तर उतरवायचं. पण आपलं माणूस तिथं बसलेलं हाय एवढं तरी मला वाटलं असतं. मी आत बसून तेच म्हणत होते त्या गुजराती बाईला. माझा भाऊ बघतोय, म्हटलं, काय काळजी नाय."

सुजाता गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तिने वळून पाहिलं नाही. मला सांगायचं होतं की डॉक्टरसुद्धा घरच्या माणसावर सुरी धरत नाही. पण तो शब्द त्या दिवशी त्या घरात काढण्यासारखा नव्हता. ताईने तांदूळ धुवायला घेतले.

सकाळी तिला सोडलं. आत जाताना तिने मागे वळून हात केला, तेवढं बरं वाटलं. पार्किंगमध्ये गाडीत बसलो तोच रेश्माचा मेसेज आला. आमचं न्यूयॉर्कचं विमान उतरलं होतं. ढग अंदाजापेक्षा खाली आले होते. रांग लागली, अर्ध्या तासाहून जास्त वर फिरवत ठेवलं. फिलाडेल्फिया तोवर बंद झालं होतं. कॅप्टन गिलनी मागून घेतलेला टन सगळा तिथेच जळला, वर आणखीही. खाली आले तेव्हा नियमाने राखून ठेवायचं इंधन शाबूत होतं, त्यावर फारसं काही नव्हतं.

मी तो मेसेज दोनदा वाचला. आनंद झाला असं म्हणवत नाही. तीनशे माणसं सुखरूप उतरली, म्हणजे आकडा बरोबर होता. पण बरोबर आकड्याने ताईचा एक दिवस गेला होता, तो काही परत येणार नव्हता. मी मेसेज तिला पाठवायला घेतला आणि खोडला. असल्या गोष्टी पटवून द्यायला पाठवल्या की भांडण वाटतं.

ताई सिंगापूरला उतरली. तिथे व्हीलचेअर सांगून ठेवली होती, ती तिने नाकारली, चालत गेली. दुसरं विमान वेळेवर सुटलं. त्या जवळजवळ एकोणीस तासांत मी काम केलं, जेवलो, पेणच्या बाजारातून भाजी आणली, आणि दर थोड्या वेळाने फोनवर पॅसिफिकमधला तो ठिपका बघत राहिलो. भाऊजीही बघत होते. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. "खाली पाणीच पाणी दिसतंय रे. बरोबर चाललंय ना?" मी म्हणायचो, बरोबर चाललंय. त्यांच्यामागे राइसप्लेटच्या ऑर्डरी चालू असायच्या.

ती उतरली ठरल्या वेळेला. इमिग्रेशनच्या रांगेत तास गेला. मग रस्त्यावर ट्रॅफिक. हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर ती बॅग ओढत पोचली तेव्हा पल्लवीला आत नेऊन थोडाच वेळ झाला होता. नर्सने तिला दार दाखवलं, बंद.

पण पल्लवीने डोळे उघडले तेव्हा आई उशाशी होती. गाठ साधी निघाली. चार दिवसांनी पल्लवी घरी आली, आणि ताई तिथे तीन महिने राहिली. मेतकूट, मऊ भात, सगळं झालं. मला हे भाऊजींकडून कळत होतं. माझ्याशी ती बोलायची, पण तब्येत आणि हवा, एवढंच.

परत आल्यावर मी आणि सुजाता कोलाडला गेलो. खानावळीत गर्दी होती. ताईने आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, स्वतः वाढलं. शेजारच्या टेबलावर नेहमीचा एक ट्रकवाला होता. त्याने विचारलं, "ताई, अमेरिका किती लांब हाय हो?"

"आमच्या याला विचारा," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "यानंच मला विमानातून उतरवली, आणि यानंच उलट्या बाजूनं पोचवली."

सगळे हसले. मीही हसलो. तिने माझ्या ताटात न विचारता आणखी एक बांगडा टाकला. पुढे त्या विषयावर आम्ही बोललो नाही. खुर्चीवरून उठलो ते बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. तिला अजूनही तसं वाटत नाही. दोघंही आपापल्या जागी आहोत.

ऑफिसात त्या दिवसाचा रिपोर्ट मॅडमनी लिहिला. कारण, मार्गबदल. ऑफलोड, तीस. फ्लाइट सुखरूप पोचली. त्याच्यात आणखी लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हापासून पेणचे, रोह्याचे ओळखीचे लोक फोन करतात, "नितीन, अमक्या गावाहून तमक्या गावाला किती तास लागतात रे?", तेव्हा मी त्यांना विमान सुटायची वेळ सांगतो. पोचायची सांगत नाही. आमच्या धंद्यात तिला ईटीए म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर 'एस्टिमेटेड'चं आहे, म्हणजे अंदाजे. प्रवासी ते अक्षर सोडून बाकीची दोन वाचतात.